पुस्तकात नसलेले फाटक

देवदास हे एका माणसाचे नाव आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. त्याआधी आमच्या घरात तो नुसता एक शब्द होता. दाढी वाढवून आरामखुर्चीत पडून राहिलेल्या काकाला, बारावीला गुण कमी पडले म्हणून पानावर न येणाऱ्या चुलतभावाला, आणि एकदा तर पावसात भिजून पडवीत अंग चोरून बसलेल्या कोंबड्यालासुद्धा "असा देवदास होऊन का बसलास?" असे विचारले गेल्याचे मला आठवते. कादंबरीतल्या नायकाचे विशेषनाम सामान्यनाम होऊन परक्या भाषेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचावे, हे भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येते. मात्र या शब्दात दाढी आली, शाल आली, बाटली आली, खोकलाही आला. त्याची बालमैत्रीण पार्वती आली नाही. मला लिहायचे आहे ते या गाळलेल्या पार्वतीविषयी. गेल्या काही महिन्यांत 'देवदास' चार दिग्दर्शकांच्या हातून ओळीने पाहिला आणि मध्येच मूळ कादंबरीही पुन्हा वाचली, तेव्हा असे जाणवले की ही कथा चालते ती तिच्या पावलांनी. तो बहुतेक वेळ जागच्या जागी असतो, नाहीतर भलत्याच दिशेला निघालेल्या आगगाडीत बसलेला असतो.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, मिरजेच्या आत्याकडे. बिमल रॉय यांचा, दिलीपकुमारचा. आत्याने तो शाळकरी वयात थिएटरात पाहिलेला होता आणि त्यातले प्रत्येक वाक्य तिला दोन सेकंद आधी ठाऊक असे. ती तांदूळ निवडत पाही, मधूनच एखादे गाणे पुटपुटे, देवदासला कोठ्याची वाट दाखवणारा मित्र चुनीबाबू आला की हसे. पण शेवटी देवदासची बैलगाडी हातीपोत्याच्या, म्हणजे पार्वतीच्या सासरच्या, रस्त्याला लागली की ताट उचलून आत जाई. दूध तापवायचे असे, कुकर लावायचा असे, काहीतरी असेच. तेव्हा मला त्यात विशेष वाटले नव्हते.

कादंबरी मला मिळाली ती पुढे कॉलेजात असताना, एका वाचनालयाच्या विक्रीत. पहिली पाने फाटलेली होती, त्यामुळे तो अनुवाद कोणाचा हे मला आजही सांगता येणार नाही. शरच्चंद्र चट्टोपाध्याय मराठीत रुजले ते मामा वरेरकरांच्या हातून, म्हणून मी तो मनातल्या मनात त्यांच्याच खात्यावर जमा करून टाकला आहे. चित्रपट आधी पाहिलेल्या माणसाला या पुस्तकाचा पहिला धक्का बसतो तो त्याच्या लहानपणाचा. ते अगदी छोटे आहे. शरच्चंद्रांनी ते लिहिले तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते, पुढे कित्येक वर्षे ते छापायला नाखूश राहिले, आणि पुस्तक निघाले ते १९१७ साली. दुसरा धक्का कोरडेपणाचा. ज्या प्रसंगांवर पुढे गाणी रचली गेली, झुंबरे टांगली गेली, ते शरच्चंद्र तीन-चार ओळींत उरकतात आणि पुढे चालू लागतात. आणि तिसरा धक्का वयाचा. लग्न ठरते तेव्हा पार्वती तेरा वर्षांची आहे. देवदासचे वडील मुखर्जी जमीनदार तिला सून म्हणून नाकारतात, कारण एक तर घर शेजारचे, आणि दुसरे म्हणजे तिच्या घराण्यात मुलींच्या लग्नात पैसे घेण्याची रीत आहे. ज्याला आपल्याकडे देज म्हणत, त्यातलाच हा प्रकार. मग तिचे लग्न होते ते हातीपोत्याच्या भुवन चौधरी या श्रीमंत विधुराशी, ज्याची मुले तिच्याहून मोठी आहेत. त्याच सुमाराला, १८९९ साली, आपल्याकडे देवलांची 'शारदा' रंगभूमीवर आली होती. तिथे म्हाताऱ्या नवऱ्याच्या तावडीतून मुलीला सोडवायला कोदंड धावून येतो. शरच्चंद्रांच्या गावात कोदंड नाही. तिथे तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच उठावे लागते.

ती उठते, त्या रात्रीचे प्रकरण हा माझ्या मते या पुस्तकाचा कणा आहे. गाव झोपलेले, चांदणे पडलेले, आणि पार्वती अंगावर चादर ओढून एकटी शेजारच्या वाड्याकडे निघते. देवडीवर म्हातारा दरवान खाटेवर बसून तुळसीदासाचे रामायण वाचतो आहे. पावलांची चाहूल लागल्यावर तो मान वर न करताच विचारतो, "कोण?" ती म्हणते, "मी." आवाज बाईचा, म्हणजे घरातली एखादी दासी असणार, असे समजून तो पुन्हा चौपाईचा सूर धरतो. ती आत जाते. देवदास जागा होतो आणि घाबरतो. तू एकटी आलीस? कोणी पाहिले का? भुताखेतांची भीती वाटली नाही? उद्या तोंड कसे दाखवशील? पार्वतीची उत्तरे शांत आहेत. माझी लाज तुम्ही झाकाल असे वाटले नसते तर आलेच नसते, अशा अर्थाचे ती बोलते. आणि न झाकलीत तर नदीला पाणी काय कमी आहे, असेही. तो आईवडिलांची इच्छा, घराण्याची रीत यांत अडखळत राहतो. पहाट व्हायच्या आत तिला घरी पोचवायला निघतो, एवढे त्याच्या पदरात टाकायला हवे. मग तो कलकत्त्याला जातो, तिथून पत्र लिहितो, पत्र टाकल्यावर पस्तावतो, परत येतो. पण तोवर पार्वतीचा मान जागा झालेला असतो. नदीच्या घाटावर त्यांचे बोलणे होते, शब्दाला शब्द वाढतो आणि तो हातातल्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर वार करतो. चंद्र एवढा सुंदर म्हणूनच त्याला डाग असतो, असे म्हणणारा हा माणूस कवी आहे की गुंड, हे शरच्चंद्र सांगत बसत नाहीत. वाचकाने त्या डागाकडे पाहत पुढचे पुस्तक वाचायचे असते.

एका रात्री ती त्याच्या दारी आली आणि आत शिरू शकली. शेवटच्या रात्री तो तिच्या दारी येतो आणि बाहेरच राहतो. पुस्तकाची ही घडण मी नीट ओळखली ती चित्रपट पाहताना, कारण प्रत्येक दिग्दर्शकाला या दोन दारांचे काहीतरी करावेच लागले आहे.

१९२८ साली नरेश मित्र यांनी मूकपट काढला होता. तो मी पाहिलेला नाही. खरी सुरुवात झाली ती १९३५ साली, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये, प्रमथेश बरुआ यांच्यापासून. आसामातल्या गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातला हा मुलगा. त्याने बंगालीत स्वतः देवदासाची भूमिका केली आणि पाठोपाठ हिंदीत ती कुंदनलाल सैगलला दिली. दोन्हीकडे पार्वती जमुना. मी पाहिली ती हिंदी आवृत्ती, आणि तीही अशी की चित्रावर सतत पाऊस पडत होता आणि आवाज विहिरीतून येत होता. तरीही दोन गोष्टी लख्ख दिसल्या. पहिली म्हणजे सैगलचा संथपणा. त्या काळच्या बोलपटांत नट अजून नाटकातल्यासारखे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलत, आणि हा माणूस मात्र शेजारच्याशी बोलावे तसे बोलतो व त्याच पट्टीत गाऊ लागतो. 'दुख के अब दिन बीतत नाही' हे गाणे गाण्यासारखे सुरूच होत नाही. बोलण्याचाच पाय घसरतो आणि ते सुरांत पडते. दुसरी गोष्ट बरुआंची. त्यांनी दूर असलेल्या दोन माणसांना कात्रीने जोडले. तो आगगाडीत तळमळतो आणि तिकडे ती दचकते. पुस्तकात लेखक स्वतः मध्ये येऊन जे सांगतो ते इथे दोन तुकडे शेजारी ठेवून सांगितले आहे. आज हे इतके नेहमीचे झाले आहे की त्या वेळी ते नवे असेल हे मुद्दाम आठवावे लागते.

आणि फाटक. शेवटी पार्वती धावत सुटते आणि तिच्या तोंडावर वाड्याचे दार मिटते, हे दृश्य आज आपल्याला कथेचाच भाग वाटते, पण पुस्तकात ते नाही. तिथे देवदास पंडुआ स्टेशनावर उतरतो, झोपलेल्या धर्मदास या जुन्या नोकराला गाडीतच सोडतो, बैलगाडीने हातीपोत्याला पोचतो आणि चौधरींच्या वाड्यासमोर पिंपळाच्या पारावर पडून मरतो. ओळख पटवायला पोलीस येतात. प्रेताला हात लावायला गावातले कोणी तयार होत नाही, ते धड जळतही नाही. पार्वतीला कळते ते सगळे आटोपल्यावर. ती धावते, घरची माणसे तिला धरून आत आणतात, ती बेशुद्ध पडते. शुद्धीवर आल्यावर ती दासीला एवढेच विचारते की तो रात्री आला होता ना, रात्रभर तिथेच होता ना. माझ्या मते हे फाटकाहून कितीतरी भयंकर आहे. फाटक मिटले म्हणजे कोणीतरी ते मिटवले. राग धरायला एक माणूस मिळतो. पुस्तकात रात्रभर ते दार कोणी मिटले नव्हते आणि कोणी उघडलेही नव्हते. आत ती झोपली होती.

पण चित्रपटाला 'उशिरा कळले' हे दाखवायला अवघड जाते, 'दार मिटले' हे सोपे जाते, हेही खरेच. बरुआंनी जे केले ते माध्यमाची नाडी ओळखून केले आणि पुढच्या प्रत्येकाला त्या फाटकातूनच जावे लागले. बरुआ १९५१ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. सैगल त्याआधीच, १९४७ साली, बेचाळिसाव्या वर्षी. लोकांनी मग त्यांच्या मरणातही देवदास शोधला. शब्दाची ताकद अशीही असते.

या लाटेला एक उत्तर पुण्याहून गेले होते, ते इथे सांगायलाच हवे. प्रभातचा १९३९ चा 'माणूस' व्ही. शांताराम यांनी देवदासी निराशेला उत्तर म्हणून काढला, असे चित्रपटाचे अभ्यासक सांगत आले आहेत, आणि पाहताना ते पटतेही. शाहू मोडकांचा गणपत हवालदार आणि शांता हुबळीकरांची मैना यांचे प्रेम सफळ होत नाही. मैनेचा भूतकाळ, खून, तुरुंग असे सगळे आडवे येते. तरी गणपत शेवटी कामावर परततो. मला 'माणूस' फार आवडतो, पण तो देवदासाला उत्तर ठरत नाही असेच वाटते, कारण देवदासाने प्रश्न विचारलेलाच नव्हता. जगावे की मरावे याचा तो विचार करत नाही. तो फक्त वेळेवर हो म्हणत नाही. शांतारामबापूंनी खडसावले ते एका आजाऱ्याला, आणि आजाऱ्याला खडसावण्यात आपण मराठी माणसे पहिल्यापासून पुढे.

बरुआंच्या त्या हिंदी चित्रपटाचे छायाचित्रण करणारा तरुण म्हणजे बिमल रॉय. वीस वर्षांनी, १९५५ साली, मुंबईत स्वतःची संस्था काढून तीच कथा त्यांनी पुन्हा हाती घेतली. मला वाटते, मधल्या काळात त्यांच्या डोक्यात ती सतत चालू असणार, कारण हा चित्रपट घाईत काहीच सांगत नाही. पटकथा नवेंदू घोष यांची, संवाद राजिंदर सिंह बेदी यांचे, गीते साहिरची, संगीत सचिनदेव बर्मन यांचे. एवढी बुद्धिमान माणसे एकत्र येऊन प्रत्येकाने आपला आवाज खाली ठेवावा हे आजच्या डोळ्यांना नवलाचे वाटते. लहानपणाचा भाग त्यांनी मन लावून केला आहे. तळसोनापूरचा रस्ता, शाळेतला चुना, वैष्णवांचे गाणे, आणि भिक्षेसाठी आलेल्या वैष्णवींना हातातले सगळे पैसे देऊन टाकणारी लहान पारो, म्हणजे पार्वती. देवदास पुढे जो कोणी होतो त्यासाठी आधी तो असा होता हे दिसावे लागते. नाहीतर उरतो नुसता दारूडा.

रात्रीच्या प्रसंगात रॉय यांनी काहीच वाढवलेले नाही. सुचित्रा सेन त्याच्या खोलीत येते, दोघे कुजबुजत्या आवाजात बोलतात, आणि त्या कुजबुजीत दिलीपकुमार हळूहळू लहान होत जातो. त्याच्या अभिनयाची स्तुती करताना लोक शेवटच्या चाळीस मिनिटांतला खोकला आणि 'कौन कम्बख़्त' हे वाक्य आठवतात. मी या एका प्रसंगासाठी त्याला मानते. भित्रेपणा दाखवणे नटाला जड जाते, त्यातही नायकाच्या भूमिकेत. दिलीपकुमार तो लपवत नाही. सुचित्रा सेनचा हा पहिला हिंदी चित्रपट. तिचे हिंदी कुठे कुठे अडखळते आणि गंमत अशी की त्या अडखळण्याने पारोचा ताठा वाढतो. परक्या भाषेत भांडणारा माणूस शब्द मोजून वापरतो.

आणि मग तो रस्त्यावरचा प्रसंग. कादंबरीत पार्वती आणि देवदासवर जीव जडलेली कलकत्त्याची कलावंतीण चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. रॉय यांनी त्यांना समोरासमोर आणले, पण बोलू दिले नाही. चंद्रमुखी देवदासला शोधत पायी निघाली आहे. समोरून मेणा येतो, त्यात पार्वती. दोघी एकमेकींकडे पाहतात. कोण आहे हे दोघींना ठाऊक नाही आणि तरी काहीतरी ठाऊक आहे. मेणा पुढे जातो. पाठीमागे बर्मनदांचे सूर तेवढे. पुस्तकात नसलेली गोष्ट पुस्तकाच्या स्वभावाशी इतकी जुळून यावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. वैजयंतीमालेने पुढे सहनायिकेचे फिल्मफेअर पारितोषिक नाकारले ते आपली भूमिका दुय्यम नाही म्हणून. त्या रस्त्यावर दोघींना मिळालेली पडद्यावरची जागा मोजली तर तिचे म्हणणे बरोबर होते असे दिसते.

सत्तेचाळीस वर्षांनी संजय लीला भन्साळींनी त्याच दोघींना भेटवले ते दुर्गापूजेत, लाल किनारीच्या पांढऱ्या साड्यांत, एकत्र नाचवत. २००२ साली तो चित्रपट मी आईबरोबर पाहिला. मध्यंतराच्या सुमारास आई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढ्या झुंबरांखाली कशाला कोण मरायला बसेल?" या वाक्यातून मला आजही पुरते बाहेर पडता आलेले नाही. कलादिग्दर्शन आपल्या नितीन चंद्रकांत देसाईंचे, आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेही योग्यच होते. रंगीत काचांचे पारोचे घर, पाण्याकाठचा चंद्रमुखीचा कोठा, हे पाहत राहावे असेच आहे. त्या हवेल्यांत मराठी माणसांची वर्दळही बरीच. माधुरी दीक्षित चंद्रमुखी, विजयेंद्र घाटगे भुवन चौधरी, मिलिंद गुणाजी चौधरींचा जावई कालीबाबू, स्मिता जयकर देवदासची आई. मात्र शरच्चंद्रांची पार्वती शेजारच्या साध्या घरातली मुलगी होती आणि दोन घरांमधले अंतर पैशाचे व रीतीचे होते. इथे दोन्ही बाजूंना राजवाडे आहेत. अंतर उरले ते फक्त काचेच्या रंगाचे. मग कथा पुढे सरकायला अपमान बाहेरून आणावा लागतो. पारोच्या आईला भर समारंभात नाचायला लावून तिचा पाणउतारा केला जातो, वहिनी कारस्थान करते, वडील गरजतात. देवदास कलकत्त्याऐवजी लंडनहून परत येतो. गळाच्या काठीची जागा मोत्यांची माळ घेते. त्याच माळेने तो तिच्या कपाळावर वार करतो आणि रक्तसुद्धा दागिन्यासारखे दिसते.

रात्रीच्या भेटीतले एकटेपण इथे राहत नाही. घर जागे आहे, नाती जागी आहेत, पाठीमागे तंतुवाद्ये जागी आहेत. ज्या रात्री एका मुलीने "मी" एवढ्या एका शब्दावर देवडी ओलांडली, त्या रात्रीला एवढ्या दिव्यांचा उजेड सोसत नाही.

तरी या चित्रपटाला हसून मोकळे होणे मला जमत नाही. एक तर माधुरी. तिचे वाक्य संपले तरी पापणी बोलत असते, आणि पंडित बिरजू महाराजांनी बसवलेल्या 'काहे छेड़' मध्ये अवघ्या काही मिनिटांत ती एका बाईचे आयुष्य उभे करते. दुसरे म्हणजे, भन्साळींनी बायकांना राग दिला. पारो आणि चंद्रमुखी मान खाली घालून सोसत नाहीत. कालीबाबूला चंद्रमुखी जे सुनावते ते शरच्चंद्रांच्या चंद्रमुखीने मनात म्हटले असेल, तोंडाने नाही. आणि शेवटची धाव. लांबलचक पदर मागे सोडत पारो जिने, दालने, अंगणे ओलांडते. फाटक मिटण्याचा हुकूम सुटलेला आहे. बाहेर पारावर त्याला ती अंधुक दिसते आहे, किंवा दिसल्यासारखी वाटते आहे. बरुआंचे फाटक इथे इतके मोठे झाले आहे की ते मिटायला कितीतरी वेळ लागतो. थिएटरात आईने माझा हात दाबला होता. झुंबरांना नावे ठेवणारी हीच ती आई.

अनुराग कश्यपचा २००९ चा 'देव डी' मी त्या वेळी टाळला होता. पोस्टरवरून वाटले, हा थट्टा करतो आहे. आता पाहिल्यावर म्हणते की रात्रीच्या प्रसंगाला सगळ्यांत जवळून भिडला तो हाच. कथा पंजाबात आणि दिल्लीच्या पहाडगंजात. माही गिलची पारो सायकलच्या मागे गादी बांधते आणि भर दिवसा शेताकडे निघते. चादर ओढून निघालेली तेरा वर्षांची मुलगी ती हीच, हे मला दुसऱ्यांदा पाहताना उमगले. तिथेही तो घाबरतोच. फरक एवढा की शरच्चंद्रांचा देवदास समाजाला भितो आणि अभय देओलचा देव तिच्या इच्छेला. कुणीतरी कानात काही भरवले आहे, आणि ते खरे मानायला त्याला तिचे धाडस हाच पुरावा पुरतो. तो तिला नको ते बोलतो. ती गादी घेऊन परत येते आणि हातपंपाचा दांडा धरून तो अशी काही हापसते की मला वाटले, आता जमिनीतून पाण्याऐवजी आणखी काहीतरी वर येईल. घाटावरचा तो वार इथे नाही. कपाळावर डाग नाही. तरी तिचा अपमान या एका पंपावर चारही चित्रपटांत सर्वांत स्वच्छ उतरला आहे.

पुढे ही पारो लग्नानंतर एकदा त्याच्या हॉटेलातल्या उकिरड्यासारख्या खोलीवर येते, झाडलोट करते, कपडे धुते, आणि निघून जाते. सेवा करू दे, माझ्या दारी एकदा तरी ये, असे पुस्तकातली पार्वती देवदासकडून वचन घेते. कश्यपने ते वचन उलटे करून एका दुपारीत फेडून टाकले आणि पाठोपाठ फाटकही काढून टाकले. त्याचा देव मरत नाही. कल्की कोचलिनच्या चंदाबरोबर तो पुढे जातो. शांतारामबापूंना हा शेवट आवडला असता की नाही, याचा मी काही वेळ विचार केला. बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच ते उठून गेले असते.

माझी तक्रार मरण टाळण्याबद्दल नाही. शरच्चंद्रांच्या पुस्तकाचा शेवट ना देवदासाचा आहे ना पार्वतीचा. शेवटच्या परिच्छेदात लेखक कथा सोडून थेट वाचकाशी बोलू लागतो. अशा एखाद्या अभाग्याची गाठ पडली तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, म्हणतो. मरण येते तर येऊ दे, पण त्या क्षणी कपाळावर एक मायेचा हात असावा, कोणाच्या तरी डोळ्यांत पाण्याचा एक थेंब दिसावा. हे चित्रात कसे आणायचे? बरुआंनी फाटक आणले, सैगलने आवाज आणला, बिमल रॉय यांनी गप्प राहून पाहिले, भन्साळींनी आसमंत पेटवला, कश्यपने मरणच काढून घेतले. ती विनवणी मात्र पुस्तकातच राहिली. कदाचित तिथेच तिची जागा असेल. अनोळखी माणसाच्या कपाळावर हात ठेवा असे पडद्यावरून कोणी सांगितले तर ते प्रवचन होते, आणि पुस्तकात ते कानाशी बोलल्यासारखे वाटते.

मला कोणता आवडतो असे विचारले तर उत्तर बिमल रॉय हेच आहे, आणि त्यात लहानपणाचा वाटा किती हे मला वेगळे काढता येत नाही. त्यामुळे यंदा दिवाळीनंतर आत्याकडे गेले तेव्हा मुद्दाम तोच लॅपटॉपवर लावला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, नीट ऐकू येत नाही, पण वाक्ये तिला अजूनही दोन सेकंद आधी ठाऊक असतात. चुनीबाबूला ती हसली. रस्त्यावर मेणा आला तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बैलगाडी निघाली तशी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली, म्हणाली, "दूध ठेवते जरा." फ्रिजमधले दूध सकाळीच तापवून ठेवलेले होते, ते मीच ठेवले होते. मी काही बोलले नाही. पार आला, पहाट झाली, माणसे जमली, सुचित्रा सेन धावली.

आतून भांड्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा.

"लागलं का गं फाटक?"

"लागलं."

मग ती बाहेर आली.